भूक कुणाची, दवाखाना कुणाचा?

कपाशी वेचणीचे दिवस होते. धुळे तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांची बैठक ठेवली होती. विषय होता ‘स्त्रिया आणि रक्तक्षय’. मारुतीच्या ओट्यावर तीस-पस्तीस जणी जमल्या, पण भिलाटीतली एकही बाई आली नाही. ‘त्या येत नाहीत ओ ताई, त्यांना काही कळत नाही,’ असे एकीने सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही बैठक उरकली. तक्ता दाखवला, लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, सगळे सांगून झाले. टाळ्याही झाल्या.

परतताना वाटेत भिलाटी लागली. खान्देशात जवळजवळ प्रत्येक गावाला भिलाटी असते. गावाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, वीस-पंचवीस किंवा चाळीस घरे. एका झोपडीच्या दारात सातव्या महिन्यातली बाई बसली होती. कामाला का गेली नाहीस, विचारले तर म्हणाली, उभे राहवत नाही. तिच्या मागे कुडाच्या भिंतीत गोळ्यांचे पाकीट खोचलेले होते. पुरते न उघडलेले. मी कार्यकर्तीच्या सवयीने विचारले, ‘गोळ्या का नाही घेत?’ ती म्हणाली, ‘ताई, पोटमा काही नही, गोयी खाईसन काय करू? चक्कर येस.’

सकाळी तिने काळा चहा आणि चटणीशी अर्धी भाकरी खाल्ली होती. उरलेल्या भाकरी दोन पोरांना आणि वेचणीला गेलेल्या नवऱ्याला दिल्या होत्या. संध्याकाळचे काय, ते मजुरी हातात आल्यावर ठरायचे होते. मी तासाभरापूर्वी मारुतीच्या ओट्यावर जे काही बोलले होते, त्यातले एक वाक्यही तिच्या उपयोगाचे नव्हते. तिला रक्तक्षय आहे हे आरोग्यखात्याला ठाऊक होते, म्हणूनच गोळ्या आल्या होत्या. ती उपाशी आहे हे मात्र कुठल्याच खात्याच्या वहीत नव्हते.

हा लेख त्या वहीविषयी आहे. आदिवासी बाईची भूक आणि तिचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी मानून दोन खात्यांत वाटल्या गेल्या आहेत. आणि ती नकाशावरच्या एका रेषेच्या कुठल्या बाजूला राहते यावर तिचा घास ठरतो आहे. आपण स्त्री-चळवळीतल्या बायकांनीही ही वाटणी फारसे न बोलता मान्य केली आहे, असे मला वाटते.

आदिवासी कुठे राहतात?

खान्देशातले कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातपुडा येतो, धडगाव-अक्कलकुवा येते. ते खोटे नाही. तिथले बालमृत्यू आणि तिथली बाळंतपणे यांनी अनेकदा सरकारला जागे केले आहे. पण १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे दोन भाग होऊन नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एक गोष्ट नकळत घडली. ‘आदिवासी प्रश्न’ नंदुरबारकडे गेला आणि धुळे-जळगाव हे कापसाचे, केळीचे, व्यापाराचे जिल्हे उरले. निदान सरकारी बोलण्यात तरी.

आकडे काय सांगतात? २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातीची लोकसंख्या सुमारे ११.४ लाख होती. धुळे जिल्ह्यात ती सुमारे ६.५ लाख, म्हणजे जिल्ह्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश. जळगावात सुमारे ६ लाख, म्हणजे शंभरात चौदा. दोन्ही मिळून सुमारे १२.५ लाख. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांना आपण आदिवासी जिल्हे म्हणत नाही, त्यांत मिळून नंदुरबारपेक्षा जास्त आदिवासी राहतात. फरक एवढाच की तिथे ते बहुसंख्येने एकत्र आहेत आणि इथे गावोगाव भिलाट्यांतून विखुरलेले आहेत. विखुरलेली भूक दिसत नाही.

हे फक्त खान्देशचे नाही. केंद्र सरकारने आदिवासी आरोग्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. देशातले सुमारे निम्मे आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात, हे त्या समितीने स्पष्ट मांडले. पण आपल्या बहुतेक योजना आदिवासी माणसासाठी नाहीत, आदिवासी क्षेत्रासाठी आहेत.

रेषेच्या दोन बाजू

धुळे जिल्ह्यात साक्री आणि शिरपूर तालुक्यांचा काही भाग, जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्या रेषेच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजार लोकसंख्येला एक, उपकेंद्र तीन हजाराला एक. रेषेबाहेर सपाटीवर हेच प्रमाण तीस हजाराला आणि पाच हजाराला. रेषेच्या आत १९९५ पासून नवसंजीवनी योजना आहे, पाडा स्वयंसेवक आहेत, भरारी पथकाचे डॉक्टर आहेत. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण आहे. पुढच्याच वर्षी मुलांसाठी अंडी किंवा केळी आली.

हे सगळे आत नीट मिळते असे मी म्हणत नाही. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातल्या पाड्यावर काम करणाऱ्या मैत्रिणी सांगतील की पावसाळ्यात नाला भरला की जेवणही नाही आणि डॉक्टरही नाही, आणि बाळंतीण झोळीतूनच खाली आणावी लागते. पण निदान तिथे भांडायला कागद आहे. ‘हे माझे होते, ते का आले नाही?’ असे विचारता येते. माझी कुडाच्या झोपडीतली बाई भिल्लच आहे, भूमिहीनच आहे, उपाशीच आहे. पण ती रेषेच्या बाहेर आहे. तिने काय विचारायचे?

विखुरलेल्या आदिवासींसाठी सहाव्या पंचवार्षिक योजनेपासून ‘माडा’ नावाचे छोटे पट्टे ठरवले गेले. त्यासाठी दहा हजारांची वस्ती आणि त्यात निम्मे आदिवासी अशी अट. चाळीस घरांची भिलाटी त्यात बसणार कशी? गावात ती अल्पसंख्य, ग्रामसभेत मागच्या रांगेत, आणि सरकारी व्याख्येत तर नाहीच.

ही भूक आली कुठून?

‘या लोकांना सवयच आहे, हातात पैसा आला की उडवतात,’ असे आपल्याच बैठकांत ऐकू येते. म्हणून थोडा इतिहास उगाळायला हवा.

सपाटीवरचे भिल्ल नेहमीच गावाच्या कडेचे मजूर नव्हते. इंग्रजांनी १८१८ मध्ये खान्देश घेतल्यावर भिल्लांना वश करण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव तिचे ठाणे होते. पुढे जंगल कायदे आले. १८७८ च्या कायद्याने जंगलावरचा हक्क सवलत बनला. मोह, चारोळी, कंद, मध, मासे हे जे फुकटचे आणि पौष्टिक होते, ते आधी परवानगीचे आणि मग चोरीचे झाले. जमीन सावकाराच्या खात्यात गेली आणि जमिनीचा मालक सालदार झाला. एका वर्षाची उचल दुसऱ्या वर्षाच्या कामातून फेडायची, असे ते चक्र.

या चक्राविरुद्ध पहिला मोठा उठाव आपल्याच भागात झाला. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराजांनी आदिवासींना उभे केले. १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, त्या प्रकरणाच्या मुळाशीही धान्याचाच प्रश्न होता. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. दुष्काळाची ती वर्षे. त्या चळवळीत बायका आधी जमीन आणि मजुरीसाठी उतरल्या. मग त्यांनीच दारूचे गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्रीमुक्ती चळवळीचा इतिहास सांगताना आपण शहाद्याचे नाव अभिमानाने घेतो. पण तिथल्या बायकांनी मारहाण आणि भाकरी वेगळी काढली नव्हती, हे आपण विसरलो. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ मध्ये झाला, त्यामागे या लढ्याचे बळ होते.

कायद्याने काहींना जमिनी मिळाल्या. सपाटीवरच्या भिलाटीपर्यंत त्याचा हात फारसा पोचला नाही. दरम्यान शेतांतली दादर आणि बाजरी कमी झाली, कपाशी आणि केळी वाढली. पूर्वी सालदाराला मजुरीत धान्य मिळे. ते शोषणच होते, पण घरात दाणे असत. आता रोख मजुरी आणि किराणा दुकान. रावेर-यावलच्या केळीची ख्याती देशभर आहे. त्या बागांत निंदणी करणाऱ्या तडवी आणि पावरा बायकांच्या घरी किती वेळा डाळ शिजते, ते एकदा विचारून पाहा.

रेशनच्या दुकानात

‘पण आता धान्य फुकट मिळते ना?’ हा पुढचा प्रश्न. मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत आहे. या हक्कामागे २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला अन्नाच्या अधिकाराचा खटला आणि देशभरच्या संघटनांचे कष्ट आहेत. त्याचे मोल मी कमी मानत नाही. अंत्योदयाचे पस्तीस किलो नसते तर कित्येक भिलाट्यांत चूल पेटली नसती.

पण हिशेब करू. महिन्याला पाच किलो म्हणजे रोज साधारण १६५ ग्रॅम, दोन-अडीच भाकरी. दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या बाईची ती एका वेळची भूक. त्यात डाळ नाही, तेल नाही. शिवाय बहुतेक गहू-तांदूळ, जिथे खाणे ज्वारी-बाजरीचे.

आणि हे तरी कुणाला? ज्याचे नाव कार्डावर आहे त्याला. कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख केले. ही आपल्याला हवीशी तरतूद आहे. पण नवी सून या कायद्यात कुठे असते? लग्न झाले की माहेरच्या कार्डावरून नाव कमी होते. सासरच्या कार्डावर चढायला विवाहाचा दाखला, आधार, तहसीलच्या फेऱ्या. एक फेरी म्हणजे एक मजुरी. भिलाटीत मुली लवकर सासरी येतात, लवकर गरोदर राहतात. म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त अन्न हवे, नेमक्या त्याच दोन-तीन वर्षांत ती कुठल्याच कार्डावर नसते. तिच्या वाट्याचे पाच किलो कुणी चोरले नाहीत, ते आलेच नाहीत.

नाव असले तर अंगठा. कपाशीच्या बोंडांनी आणि कोयत्याने झिजलेली बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत. ‘उद्या ये’ म्हणतात. उद्या पुन्हा मजुरी बुडते.

पडावावर

दिवाळी झाली की भिलाट्या ओस पडू लागतात. खान्देशातली हजारो आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातेत बारडोली, सुरतच्या बाजूला ऊसतोडीला जातात. यान ब्रेमन या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकापासून या मजुरांचा अभ्यास केला आहे. तिथे मजूर एकटा मोजला जात नाही, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे बायको नसेल तर काम नाही. गरोदर आहे, ओली बाळंतीण आहे, हे कारण कोयत्याला चालत नाही. मुकादम उचल देतो, हंगामात खायला धान्य देतो. त्यालाही ‘खावटी’च म्हणतात, आणि ती शेवटच्या हिशेबात कापली जाते. खावटी हा शब्द ऐकला की आपल्याला सरकारची खावटी आठवते, भिलाटीतल्या बाईला मुकादमाची.

पडावावर प्लास्टिकच्या खोपीत सहा महिने. इथल्या अंगणवाडीच्या वहीत तिचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून लिहिले जाते आणि तिथल्या वहीत तर ते नसतेच. घरपोच आहाराचा शिधा कुणाच्या घरी पोचवायचा? एक देश एक रेशन कार्डाची सोय २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचली. पण मजूर पहाटे फडात जातो आणि रात्री परततो, त्याने अनोळखी गावात रेशन दुकान कधी शोधायचे? सासू-सासरे आणि शाळकरी पोरे मागे गावी, कार्ड एक. धान्य कुणी कुठे उचलायचे यावरून घरात भांडणे होतात, आणि माघार बहुधा बाईच घेते.

वैशाखात ती परत येते तेव्हा कडेवर चार महिन्यांचे मूल असते. ना त्याचे वजन नोंदलेले, ना लसी टोचलेल्या. मग आशा ताई तिच्यावर रागावते, कारण आशा ताईला वरून कुणीतरी रागावलेले असते.

दवाखान्याच्या दारात

आता दवाखाना. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, औषधे, गाडी सगळे मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही आहे. चांगली गोष्ट. पण एका भिल्ल आजीने मला विचारले, ‘बाई, ते तीन दिवस जेवायला देतात, आधीचे नऊ महिने कुणी द्यायचे?’ दुसरी म्हणाली, ‘ऑपरेशनला न्यायला गाडी दारात येते, बाळंतपणाला फोन लागत नाही.’ कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेची आठवण भिलाटीत अशी आहे. दवाखाना आपल्याकडे येतो तेव्हा त्याला आपले काहीतरी हवे असते, असे या बायकांचे अनुभवाने झालेले मत आहे.

अतिकुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवा म्हणतात. आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, ती नंतर कधीतरी खात्यात जमा होते. पण घरी दोन पोरे आहेत, त्यांना आजची भाकरी कोण करणार? तिसऱ्या दिवशी आई मुलाला घेऊन निघून जाते आणि कागदावर शेरा पडतो, ‘पालकांनी नकार दिला.’ या एका वाक्यात सगळा दोष तिच्यावर जातो.

मग बोलण्याचा प्रश्न. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा बाई पावरी बोलते, सपाटीवरची भिल्ल बाई अहिराणीच्या जवळचे बोलते, डॉक्टर पुस्तकी मराठी किंवा हिंदी. एका सरकारी दवाखान्यात मी अशा एका बाईबरोबर गेले होते. तिने दुखणे सांगायला सुरुवात केली, दोन शब्दांतच तिला थांबवले गेले आणि पुढचे सगळे प्रश्न मला विचारले गेले. तिच्या अंगातले दुखणे, पण उत्तर माझे. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, ‘काय झालंय मला?’ मलाही ठाऊक नव्हते.

हा तुच्छतेचा वारा फक्त निरक्षर बाईलाच लागतो असे नाही. तडवी भिल्ल हे यावल-रावेर भागातले मुस्लिम आदिवासी. नाव मुसलमानी म्हणून त्यांच्या आदिवासी असण्यावर शंका आणि आदिवासी म्हणून त्यांच्या गुणवत्तेवर शंका. याच समाजातली जळगावची डॉ. पायल तडवी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी मुंबईत तिने आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. खटल्याचे जे व्हायचे ते होईल. पण आपल्या भिलाटीतल्या आणि पाड्यावरच्या बायकांची बाळंतपणे जिने त्यांच्या बोलीत केली असती, अशी एक डॉक्टर आपण गमावली. दवाखान्यात पांढऱ्या कोटातल्या आदिवासी मुलीला जागा नसेल, तर फाटक्या लुगड्यातल्या बाईला ती कुठून असणार?

रक्तक्षयाचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे हा फक्त आदिवासींचा आजार नाही. पण भिल्ल-पावरांमध्ये सिकलसेल आढळतो. त्यात नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही, आधी रक्ताची तपासणी हवी, मग नियमित उपचार. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तपासणीचे कार्ड हातात पडणे ही सुरुवात आहे. दर महिन्याची औषधे, दवाखान्यापर्यंतचे भाडे आणि पोटात अन्न नसेल तर त्या कार्डाचे काय करायचे?

तिसरे मूल

अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा स्त्रीला मोफत आहार आणि किमान सहा हजार रुपये मातृत्व लाभ, असा शब्द आहे. सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्यांखाली लाभ घेणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. कितवे मूल, ही अट कायद्यात नाही. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली तेव्हा रक्कम पाच हजार झाली आणि ‘पहिले मूल’ ही अट आली. २०२२ पासून दुसरे मूल मुलगी असेल तर सहा हजार. तिसरे मूल झालेल्या भूमिहीन बाईला काहीच नाही.

जिथे मूल जगेल की नाही याची खात्री नाही, तिथे बाईला मुलांच्या संख्येसाठी शिक्षा करणे हा कुठला न्याय? आणि संख्या ठरवण्याचा अधिकार तिला घरात कधी होता? हे आपण स्त्री-चळवळीने ठासून सांगायला हवे होते. १९८८ मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा झाला, तो आपल्या रेट्यामुळे. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपण उभ्या राहिलो. बाईचे शरीर बाईचे, असे म्हणालो. ते शरीर काय खाऊन जगते, हा प्रश्न मात्र आपण रेशनवाल्यांवर सोडून दिला.

मग काय करायचे?

एक आक्षेप मला माहीत आहे. आदिवासी विभागात काम केलेले एक अधिकारी म्हणाले, ‘क्षेत्र सोडून माणूस धरला तर प्रत्येक बाईला जातीचा दाखला आणावा लागेल, तुम्हाला ते हवे आहे का?’ मुद्दा खरा आहे. दाखल्यासाठी जुने पुरावे लागतात आणि ज्यांच्या आजोबांच्या नावावर काही नव्हते, त्यांनी ते कुठून आणायचे? म्हणून माझी मागणी दाखल्याची नाही. गरम जेवण रेषेच्या आतल्या अंगणवाडीत जात न विचारता मिळते, तसेच ते बाहेरच्या अंगणवाडीतही द्यावे. प्रत्येक गरोदर बाईला, प्रत्येक गावात. ज्या बाईला गरज नाही ती येणार नाही. आणि सगळीकडे एकदम जमत नसेल तर सुरुवात भिलाटीच्या अंगणवाडीपासून करावी.

नव्या सुनेचे नाव गरोदरपणाच्या नोंदणीबरोबरच रेशन कार्डावर चढावे. आशा ताई ते नाव लिहितेच, त्याच कागदाने तहसीलचे काम व्हावे. ऊसतोडीच्या हंगामात पडावावर फिरती अंगणवाडी आणि फिरता दवाखाना असावा. त्यासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसावे. मजूर नेताना साखर कारखान्यांना सरहद्द आड येत नाही, मग शिधा पोचवताना ती का आड यावी? मातृत्व लाभाची मुलांची अट जावी. दवाखान्यात पावरी आणि भिली बोलणारी, पगारी, आदिवासी समाजातलीच मदतनीस असावी.

पण या मागण्या लिहून निवेदन देण्याआधी आपल्या घरातले बघू. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले, पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावातल्या बायका जनसुनवाईत उभ्या राहून डॉक्टरांना प्रश्न विचारत. अशी सुनवाई धुळे-जळगावच्या सपाटीवर, भिलाटीच्या प्रश्नावर, आपण का घेत नाही? रेशन दुकानदार, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि वैद्यकीय अधिकारी तिघांना एकाच सतरंजीवर बसवून?

आणि आपल्या बैठका मारुतीच्या ओट्यावर का होतात? तिथे भिलाटीतली बाई येत नाही कारण तिला तिथे बसू दिले जात नाही, किंवा बसली तर कडेला बसवले जाते. दुपारी तीनची वेळ आपल्या सोयीची, ती तेव्हा शेतात असते. ‘त्यांना काही कळत नाही’ हे वाक्य त्या दिवशी मी ऐकून घेतले आणि बैठक पुढे चालवली. त्या वाक्याला मी तिथेच थांबवायला हवे होते. दवाखान्यातला डॉक्टर तेच म्हणतो तेव्हा मला राग येतो आणि माझ्याच गटातली बाई म्हणते तेव्हा मी गप्प बसते.

आम्ही त्या गावात पुढची बैठक भिलाटीत घेतली, रात्री आठ वाजता, जेवणानंतर. वरच्या आळीतल्या सहाच जणी आल्या. तक्ता नेला नव्हता. ‘कालपासून आजपर्यंत कुणी काय खाल्ले?’ एवढेच एकेकीने सांगायचे ठरवले. वरच्या आळीतल्या बायका सांगताना आधी लाजल्या, मग त्यांच्याही लक्षात आले की सगळ्यांना वाढून उरलेले त्या खातात. कुडाच्या झोपडीतली ती बाईही आली होती, पाळण्यातले मूल शेजारणीकडे ठेवून. मूल जगले आहे, पण लहानखुरे आहे. तिची पाळी आली तेव्हा तिने मोजून सांगितले, भाकरी किती, चहा किती. मग विचारले, ‘ताई, हाई कोठे लिखतस?’

हे कुठे लिहितात? मैत्रिणींनो, आजवर तरी कुठेच नाही. आपापल्या गावातल्या भिलाटीत, पाड्यावर, तांड्यावर ही एक रात्रीची बैठक घ्या आणि एका वहीत लिहून काढा. बाई कोण, काल काय खाल्ले, कार्डावर नाव आहे का, दवाखान्यात शेवटी कधी गेली आणि काय ऐकून परतली. पुढच्या सुनवाईला आपण निवेदन नको, त्या वह्या घेऊन जाऊ.